आजार आणि ओळख, दोन्ही एकाच ठिकाणी बोलता यावं म्हणून: गे आणि बायसेक्शुअल पुरुषांसाठी ताणावरचा ऑनलाइन आधार

डायबेटिसच्या डॉक्टरांना शुगर माहीत असते, पार्टनर माहीत नसतो. मित्रांना पार्टनर माहीत असतो, इन्सुलिन माहीत नसतं. घरच्यांना दोन्हीतलं अर्धंमुर्धं कळलेलं असतं आणि त्यावर कोणी बोलत नाही. मधुमेह, एचआयव्ही, सोरायसिस, संधिवात, दमा, किडनीचा विकार, यांतलं काहीही वर्षानुवर्षं सोबत असलेल्या समलिंगी किंवा बायसेक्शुअल पुरुषाचा बराचसा ताण या वाटणीतून येतो. कोणासमोर कोणती गोळी काढायची, कोणत्या डॉक्टरला काय सांगायचं, फोन उलटा ठेवायचा की सुलटा, याचं भान सकाळपासून रात्रीपर्यंत ठेवावं लागतं. इलान मायर या संशोधकाने 2003 मध्ये या जास्तीच्या ताणाची नीट मांडणी केली: रोजच्या जगण्याचा ताण सगळ्यांना असतोच, पण अल्पसंख्याकांना त्यावर नकाराची धास्ती आणि लपवण्याचे कष्ट यांचा वेगळा बोजा पडतो.

शरीर हा हिशोब ठेवतं. सतत सावध राहिलं की ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, यकृत रक्तात साखर सोडतं, बीपी चढतं, झोप तुटते, सोरायसिसचे चट्टे उफाळतात. त्यात डबी लपवलेली असते म्हणून गोळी चुकते. मग रिपोर्ट बिघडतो आणि डॉक्टर म्हणतात, पथ्य पाळा.

म्हणून ऑनलाइन मदत उभी करताना पहिलं उद्दिष्ट एकच ठेवा: जिथे आजार आणि ओळख दोन्ही एका वाक्यात बोलता येतील अशी एक तरी जागा. श्वासाचे व्यायाम, वही, ॲप ही सगळी त्यानंतरची कामं. लागणारं साहित्य थोडं आहे. फोन, वायरचे इअरफोन, आठवड्याला पाऊण तास आणि रोजची दहा मिनिटं.

आधी फोन आवरून घ्या

हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जण तिथेच घाई करतात. बातमी फुटते ती क्वचितच कोणाच्या दुष्टपणामुळे. सेटिंगमुळे फुटते.

नवीन जीमेल खातं काढा. त्यावर खरं आडनाव नको, फोटो नको. सेशनचं निमंत्रण या खात्यावरच मागवा, कारण जुन्या खात्याचं कॅलेंडर घरातल्या टॅबवर किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडं असू शकतं. गूगल मीटमध्ये तुम्ही ज्या खात्याने आत जाता त्याचंच नाव आणि फोटो सगळ्यांना दिसतो. झूममध्ये नाव बदलता येतं, पण आत शिरण्यापूर्वी बदला. आत गेल्यावर बदललं तर तोवर पूर्ण नाव दिसून गेलेलं असतं.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तुमचा नंबर सगळ्या सभासदांना दिसतो आणि त्या नंबरावरून ट्रूकॉलरवर नाव निघतं. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, पण सेटिंगमध्ये जाऊन 'फोन नंबर कोणाला दिसावा' इथे 'कोणालाही नाही' करावं लागतं, आणि साइन-अपच्या वेळी कॉन्टॅक्ट जोडायची परवानगी नाकारावी लागते. एवढं करूनही, तुमचा नंबर साठवलेल्या चुलतभावाच्या फोनवर 'अमुक टेलिग्रामवर आला' असा संदेश जाऊ शकतो. व्हॉट्सॲपच वापरायचं असेल तर ते चॅट लॉक करा, नोटिफिकेशनमधला मजकूर बंद करा, मेसेज 24 तासांनी किंवा 7 दिवसांनी आपोआप पुसले जातील असं ठेवा, आणि 'लिंक केलेली उपकरणं' एकदा उघडून पाहा. मागे कधी घरच्या कॉम्प्युटरवर सुरू केलेलं व्हॉट्सॲप वेब तिथे अजून चालू सापडतं. मेसेज पुसला गेला तरी कोणी काढलेला स्क्रीनशॉट पुसला जात नाही, हे गृहीत धरूनच लिहा.

सगळ्यात विसरली जाणारी जागा म्हणजे हॉलमधला टीव्ही. फोन आणि टीव्ही एकाच गूगल खात्यावर असले तर तुम्ही फोनवर पाहिलेल्या व्हिडिओसारखे व्हिडिओ संध्याकाळच्या मालिकेच्या वेळी यूट्यूबवर सगळ्यांसमोर हजर होतात. फोटोंचंही तेच. औषधाच्या चिठ्ठीचा फोटो काढला की तो बॅकअपमध्ये जातो आणि घरात एकच खातं असेल तर आईच्या फोनवर उमटतो. दोन्ही खाती वेगळी करा.

पैसे देताना यूपीआयवर समोरच्याला तुमचं बँकेतलं नाव दिसतं आणि तुमच्या पासबुकात त्याचं. समुपदेशकाशी टोपणनावाने बोलत असाल तर ही गोष्ट आधी सांगून टाका, तेवढ्याने त्यांची पंचाईत होत नाही. वडिलांसोबत जॉइंट खातं असेल तर स्वतःच्या वेगळ्या खात्यातून भरा. यूपीआय लाइटचे छोटे व्यवहार पासबुकात एकेक उमटत नाहीत, त्यात टाकलेली रक्कम तेवढी दिसते. पण त्याला मर्यादा असते, मोठी फी त्यातून जाणार नाही.

पुण्यात हिंजवडी-खराडीतल्या पुष्कळ कंपन्या कर्मचाऱ्यांना मोफत समुपदेशन देतात. जरूर वापरा. मात्र ऑफिसच्या लॅपटॉपवरून किंवा ऑफिसच्या मेलवरून नको. आणि पहिल्याच फोनवर विचारा, 'एचआरकडे नेमकं काय जातं, नुसते आकडे की नावंसुद्धा?' उत्तर लेखी मागा.

बसायचं कुठे

वन बीएचकेत तिघं राहतात, किंवा रूममेटचा पलंग तीन फुटांवर आहे, तेव्हा 'शांत खोलीत बसा' हा सल्ला निरुपयोगी असतो. पर्याय हे आहेत. पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी सगळ्यात चांगली. काच थोडी उघडी, एसी बंद. टेकडी चालते, वेताळ टेकडी असो की तळजाई. फक्त मागच्या उतारावर रेंज जाते आणि अंधार पडायच्या आत उतरायचं असतं, म्हणजे सेशन सकाळचं घ्या. महापालिकेच्या बहुतेक बागा दुपारी बंद असतात, तेव्हा लंच ब्रेकचा बेत तिथे फसतो.

घरीच बोलायचं असेल तर पंखा पूर्ण वेगावर ठेवा, फोन उशीवर ठेवा आणि तुमच्या बाजूने टाइप करण्याची मुभा मागा. समुपदेशक बोलतात, तुम्ही लिहिता. हा मार्ग कमी प्रतीचा समजला जातो, पण जोरात बोलता येत नाही अशा घरात तोच टिकतो. एक खुणेचा शब्दही ठरवून घ्या. कोणी खोलीत आलं की तो शब्द म्हणायचा आणि समोरच्याने लगेच पाठदुखीच्या व्यायामांबद्दल बोलायला लागायचं.

ब्लूटूथ इअरफोन टाळा. ते चुकून घरातल्या स्पीकरला जोडले गेले तर काय होईल ते सांगायला नको.

कोणाकडे जायचं

आज रात्री कोणाशी तरी बोलायचं आहे, तर टेलिमानस: 14416. ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. एचआयव्हीबद्दल प्रश्न असेल तर नॅकोची (सरकारची राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) हेल्पलाइन 1097, तीही मोफत. टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' फोनवर आणि ईमेलवर समुपदेशन करते आणि लैंगिकतेच्या विषयात त्यांना काम माहीत आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये सुरू केलेली समपथिक ट्रस्ट या समूहासाठी काम करते. आत्महत्येच्या विचारांवर ऐकून घेणारी कनेक्टिंग ट्रस्टही पुण्याचीच. वेळा बदलत असतात, आधी फोन करून खात्री करा.

हेल्पलाइनवर दर वेळी नवा माणूस भेटतो. त्यामुळे ती रात्र काढायला चांगली, पण दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं. दर आठवड्याच्या कामाला एकच ठरलेला समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ हवा. त्याची पात्रता तपासणं सोपं आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक असतो, मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरकडे मेडिकल कौन्सिलचा. टेलिमेडिसिनच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ऑनलाइन डॉक्टरने तो चिठ्ठीवर देणं बंधनकारक आहे. मागितल्यावर चिडणाऱ्या माणसाकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

पहिल्या दहा मिनिटांत हे चार प्रश्न विचारा, टाइप करून पाठवले तरी चालतील:

'मी गे आहे आणि मला अमुक आजार आहे. असे क्लायंट आधी पाहिले आहेत का?'
'माझ्या नोंदी कुठे ठेवता आणि कोण वाचतं?'
'माझ्या जिवाला धोका वाटला तर कोणाला कळवता? मी सांगेन त्याच व्यक्तीला कळवाल का?'
'माझ्या फिजिशियनशी बोलावं लागलं तर माझ्या परवानगीशिवाय काय सांगाल?'

उत्तरं गुळगुळीत नसली तरी चालेल, सरळ असावीत. 'असे क्लायंट फार पाहिले नाहीत, पण वाचून घेईन' म्हणणारा चालतो. 'लग्न झालं की सगळं सुटेल', 'हे लहानपणच्या कशामुळे तरी झालंय, आपण बदलू' असं म्हणणारा चालत नाही. फोन ठेवून द्या. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 17 मे 1990 रोजी काढली. आणि अशी 'बदलण्याची थेरपी' हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कळवलं आहे. मानसिक आरोग्य कायदा 2017 हाही लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करायला मनाई करतो. हे मुद्दे त्या माणसाशी वाद घालण्यासाठी नाहीत. दोष तुमचा नाही हे तुम्हाला पक्कं माहीत असावं, एवढ्यासाठी.

पहिल्या सेशनआधी एक पान

पाऊण तासातली तीस मिनिटं इतिहास सांगण्यात जातात, ही नेहमीची तक्रार. त्यावर उपाय म्हणजे एक पान आधी लिहून ठेवणं. आजार कोणता आणि कधीपासून, औषधं मिलिग्रॅमसकट, शेवटचे रिपोर्ट (एचबीए1सी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण, बीपी, जे लागू असेल ते), झोप किती वाजता लागते आणि किती वाजता मोडते, दारू आठवड्याला किती. त्याखाली एक तक्ता काढा: डावीकडे माणसं, पुढे दोन रकाने, 'आजार माहीत' आणि 'ओळख माहीत'. आई, वडील, भाऊ, बॉस, रूममेट, डॉक्टर, मेडिकलवाला, पार्टनर. नुसत्या खुणा करा.

हा तक्ता फार बोलका निघतो. दोन्ही रकान्यांत खूण असलेलं नाव पुष्कळांच्या पानावर नसतं. तसं असेल तर पहिल्या महिन्याचं काम ठरलं: एका नावापुढे दुसरी खूण करणं. कोणाच्या, कधी, किती, हे सेशनमध्ये ठरवा. आईपासून सुरुवात करायची गरज नाही. बहुधा सगळ्यात सोपं नाव असतं ते मित्राचं, ज्याला एक गोष्ट आधीच माहीत आहे. आणि सगळ्यात फायद्याचं असतं ते उपचार करणाऱ्या डॉक्टरचं, कारण त्यावर तपासण्या आणि औषधं ठरतात. डॉक्टरला सांगायला लांबण लावू नका. 'डॉक्टर, माझे संबंध पुरुषांशी आहेत, त्या दृष्टीने काही तपासण्या किंवा लसी लागत असतील तर सांगा' एवढं पुरतं. 'फाइलवर लिहायचं असेल तर आधी विचारा' हेही जोडा.

पान तयार झालं की त्याचा फोटो समुपदेशकाला पाठवून कागद फाडून टाकला तरी हरकत नाही.

रोजची दहा मिनिटं

श्वासासाठी ॲप लागत नाही. अंगठ्याने बोटांची पेरं मोजा. चार सेकंद नाकाने आत, सहा सेकंद हळू बाहेर, एक पेर. एका हाताची बारा पेरं झाली की दोन मिनिटं होतात. सकाळी एक हात, दुपारी एक हात, झोपताना दोन. चक्कर किंवा मुंग्या आल्या तर तुम्ही हवा जास्त ओढताय. श्वास लहान करा, वेग तोच ठेवा. श्वास रोखून धरण्याचे प्रकार बीपी, दमा किंवा हृदयविकार असेल तर नकोत. पुण्यात कोणत्याही दुखण्यावर कोणीतरी कपालभाती सुचवतोच; बीपी, हर्निया, काचबिंदू असेल तर नम्रपणे मान हलवा आणि करू नका.

स्नायू सैल करण्याची पद्धत झोपेआधीची. पायाची बोटं, पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, चेहरा या क्रमाने एकेक भाग पाच सेकंद आवळा, पंधरा सेकंद सोडा. जोर निम्माच लावायचा. पूर्ण जोर लावला की पोटरीत गोळा येतो, आणि डायबेटिसमुळे पायाच्या नसा बिघडलेल्यांना तो लवकर येऊ शकतो. संधिवाताची सूज असेल त्या सांध्याला आवळूच नका, नुसतं लक्ष तिथे नेऊन सोडा.

या दहा मिनिटांखेरीज काळजीला वेळ ठरवून द्या: संध्याकाळी वीस मिनिटं, वहीत दोन रकाने. 'आज काही करता येईल' आणि 'आज हातात नाही'. 'क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) वाढलंय का?' हे पहिल्या रकान्यात, कारण लॅबला फोन करता येतो. 'आईला कळलं तर?' हे आज दुसऱ्या रकान्यात. दिवसभरात काळजी आली की 'साडेसहाला' असं म्हणून पुढे ढकलायची. रात्री दहानंतर हे करू नका, झोप उडते. वहीऐवजी फोनमध्ये लिहिणार असाल तर लॉक असलेल्या नोट्समध्ये.

आता एक गोष्ट जी मनाच्या डॉक्टरांकडून सुटते आणि शरीराच्या डॉक्टरांकडूनही. घाम, थरथर, धडधड, भीती, ही पॅनिकची लक्षणं आहेत आणि शुगर उतरल्याचीही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर आधी ग्लुकोमीटर, मग श्वास. आकडा 70 च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून खाली असेल तर पुन्हा तेवढीच. पेढा किंवा चॉकलेट यावेळी कामाचं नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. बीपीसाठी बीटा ब्लॉकर गोळी असेल तर धडधड जाणवणार नाही, पण घाम येतो. घामावर लक्ष ठेवा. आणि छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, धाप, असं असेल तर पेरं मोजत बसू नका. 108.

गोळ्यांची गुंतागुंत

समुपदेशकाला औषधांची यादी दिली तरी तो ती वाचतो तुमच्या मनःस्थितीसाठी. एकमेकांवरचे परिणाम पाहणं डॉक्टरचं काम, आणि ऑनलाइन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेलं की ते कोणीच पाहत नाही. काही नेहमीच्या अडचणी अशा.

एआरटीतली, म्हणजे एचआयव्हीच्या उपचारातली, टीएलडी गोळी (तिच्यात डोल्युटेग्राविर असतं) ॲसिडिटीच्या पातळ औषधाबरोबर किंवा कॅल्शियम-लोहाच्या गोळीबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. ताणामुळे ॲसिडिटी होते, ॲसिडिटीवर डायजिन घेतलं जातं, म्हणून हे सांगायला हवं. टीएलडी त्याच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तास. मेटफॉर्मिनही चालू असेल तर ते दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर सहसा नेत नाहीत, म्हणून दोन्ही डॉक्टरांना दोन्ही गोळ्या माहीत हव्यात. टीएलडीने काहींची झोप बिघडते. सेंटरवर विचारून ती सकाळी घेता येते. गोळी बंद करणं हा उपाय नव्हे.

एचआयव्हीच्या सेकंड लाइनमध्ये, म्हणजे पहिल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्यावरच्या औषधांत, रिटोनाविर असेल तर झोपेसाठी कोणीतरी दिलेली अल्प्राझोलाम रक्तात जास्त साठते, ताठरतेसाठीचं सिल्डेनाफिलही. पॉपर्स (सेक्सच्या वेळी हुंगायचं द्रव्य) आणि सिल्डेनाफिल एकत्र घेतले की बीपी धोकादायक पडतं. हृदयासाठी सॉर्बिट्रेट घेणाऱ्यांनी सिल्डेनाफिल घेतलं तर तोच धोका. अश्वगंधा 'नैसर्गिक' म्हणून घेतली जाते, पण थायरॉइडच्या गोळ्या, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय नको.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि बेचैनी येते आणि पुष्कळ जण तिथेच सोडून देतात. लैंगिक इच्छा कमी होणं, वेळ लागणं हेही होतं. ते डॉक्टरला सांगायला संकोच वाटतो, म्हणून न सांगता गोळी बंद केली जाते, मग चक्कर, चिडचिड. सांगितलं तर गोळी बदलता येते.

एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांसाठी ताण कमी करणारी सगळ्यात मोठी माहिती गोळीच्या पाकिटावर लिहिलेली नसते: गोळ्या नियमित आहेत आणि व्हायरल लोड निदान सहा महिने 'सापडत नाही' इतका खाली आहे, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. ससून रुग्णालयासारख्या एआरटी सेंटरच्या रांगेत ओळखीचं कोणी भेटेल याची धास्ती असते. तब्येत स्थिर असेल तर काही महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात का ते विचारा, फेऱ्या कमी होतात. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तुमची स्थिती तुमच्या संमतीशिवाय उघड करायला 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे, अगदी नोकरीतसुद्धा.

स्वतःचा ग्रुप काढायचा तर

सहा ते आठ जण. चारच्या खाली गेले की एक गैरहजर असला तरी बैठक मोडते, दहाच्या वर गेले की तिघेच बोलतात. आठवड्यातून एकदा, सव्वा तास, ठरलेला वार. दोन जण चालवणारे हवेत, एक बोलणं पुढे नेणारा, दुसरा चॅट आणि वेळ पाहणारा. कोणी अचानक रडू लागला, किंवा मरणाचं बोलला, तर दुसऱ्याने त्याला वेगळ्या खोलीत नेऊन 14416 जोडून द्यायचा. हे आधी ठरलेलं नसेल तर त्या क्षणी सगळे स्क्रीनकडे बघत बसतात.

पहिली दहा मिनिटं प्रत्येकाने आपला ताण शून्य ते दहामध्ये सांगायचा, कारण न देता. मग एक विषय, चाळीस मिनिटं: गोळीची डबी कुठे ठेवता, ऑफिसच्या पार्टीत साखर कशी सांभाळता, स्थळ आलं की काय सांगता. मग श्वासाची बारा पेरं एकत्र. शेवटी प्रत्येकाने पुढच्या आठवड्यासाठी एकच छोटं काम सांगायचं. विषय ठरवताना शरीराचा एक आठवडा, नात्यांचा एक आठवडा असा पालट ठेवला तर दोन्ही बाजू एकाच ठिकाणी येतात, आणि त्यासाठीच तर ग्रुप आहे.

नियम लेखी आणि थोडे ठेवा. रेकॉर्डिंग नाही, स्क्रीनशॉट नाही, ग्रुपबाहेर कोणाचं नाव नाही. औषधाचा डोस एकमेकांना सुचवायचा नाही. 'कारल्याच्या रसाने शुगर गेली' असले फॉरवर्ड अॅडमिनने लगेच काढायचे, प्रेमाने पण लगेच. आणि ग्रुपमध्ये डेटिंग नाही, निदान पहिले तीन महिने. हा नियम लोकांना खटकतो, पण ग्रुप बहुतेक वेळा इथेच फुटतो: दोघांचं जमतं, मग बिनसतं, मग उरलेल्यांनी बाजू घ्यायची वेळ येते आणि ज्याची तब्येत सगळ्यात वाईट असते तो गप्प बाहेर पडतो.

नवा माणूस आत घेताना चालवणाऱ्यांपैकी एकाने आधी व्हिडिओवर पाच मिनिटं बोलावं. डेटिंग ॲपवरून ओळख काढून, फोटो मिळवून पैसे उकळणारे अशा ग्रुपांतही शिरतात. तसं झालं तर पैसे देऊ नका, दिल्याने मागणी वाढते. चॅट न पुसता स्क्रीनशॉट जपा, पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 वर फोन, आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. 'तक्रारीला गेलो तर मीच अडकेन' या भीतीवरच त्यांचा धंदा चालतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालानंतर सज्ञान व्यक्तींचे संमतीचे खासगी संबंध गुन्हा नाहीत, खंडणी मात्र आहे.

गणपती आणि दिवाळीच्या आठवड्यांत बैठक रद्द करू नका, उलट एक जादा ठेवा. त्या दिवसांत प्रत्येक घरी मोदक असतात आणि प्रत्येक घरी 'तुझं कधी?' असतं. आरतीनंतरच्या दहा मिनिटांत गच्चीवरून एक व्हॉइस नोट टाकता यावी एवढी सोय पुरे.

ऑनलाइन पुरत नाही तेव्हा

दर पंधरा दिवसांनी पीएचक्यू-9 ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली भरा. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज 10 किंवा जास्त आली तर समुपदेशकाबरोबर डॉक्टरही हवा. जुना आजार असलेल्यांनी एक पथ्य पाळावं: थकवा, भूक आणि झोप यांचे गुण आजारामुळेही वाढतात, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांकडे, म्हणजे रस वाटणं आणि उदास वाटणं यांकडे, वेगळं लक्ष द्या. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांच्या, शून्याशिवाय काहीही आलं तर बेरीज बघायचीच नाही, त्याच दिवशी कोणाशी तरी बोलायचं. इन्सुलिन किंवा झोपेच्या गोळ्यांचा साठा घरात असेल तर तो त्या दिवसांत विश्वासाच्या माणसाकडे द्या आणि दोन-तीन दिवसांपुरताच जवळ ठेवा. धोका आत्ताच असेल तर 112 किंवा 108, नाहीतर सरळ ससूनच्या आपत्कालीन विभागात.

हॉस्पिटलच्या दारात पहिला प्रश्न येतो, 'नातेवाईक कोण?' त्यासाठी एक कागद तब्येत बरी असतानाच करून ठेवा. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 14 प्रमाणे कोणतीही सज्ञान व्यक्ती आपला नामनिर्देशित प्रतिनिधी स्वतः ठरवू शकते. तो रक्ताचा नातेवाईक असायची गरज नाही, पार्टनर किंवा मित्र चालतो. साधा कागद पुरतो. त्यावर तुमचं नाव, त्याचं नाव आणि फोन, 'मानसिक उपचारांच्या बाबतीत मी यांना माझा प्रतिनिधी नेमत आहे' एवढं वाक्य, तारीख, तुमची सही. खाली त्याची लेखी संमती, कारण तीही कायद्याला लागते. वाटेल तेव्हा बदलता येतो. हा कागद मानसिक उपचारांपुरता आहे; ऑपरेशनच्या संमतीसाठी किंवा डायलिसिसच्या भरतीसाठी हॉस्पिटलला वेगळं विचारावं लागेल. मूळ प्रत प्रतिनिधीकडे, एक प्रत मानसोपचारतज्ज्ञाच्या फाइलमध्ये, फोटो नवीन जीमेलच्या ड्राइव्हमध्ये, आणि फोनच्या इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्ये त्याचाच नंबर.